एका चमच्याचे बटाटे

रविवार, ११ जानेवारी

लेक भांडून गेली. खरं म्हणजे भांडलो मीच. ती शांतपणे बोलून गेली आणि तेच जास्त झोंबलं.

दर रविवारी ती मुलांना घेऊन येते. मोठी नऊ वर्षांची, धाकटा पाच. चपला काढायच्या आधीच दोघं ओरडतात — ‘आजोबा, पुडा!’ मी दुकानातून त्यांच्यापुरता शेवटचा घाणा काढून, कागदी पुडा सदऱ्याखाली धरून पळत आलेलो असतो, बटाटा गार होऊ नये म्हणून. बसथांब्यासमोर चौतीस वर्षं बटाटा तळतोय. लोक बस सोडतात पण माझ्या दुकानासमोरची रांग सोडत नाहीत. आज पुडा पुढे केला आणि लेकीने मध्येच हात घातला.

‘बाबा, थांबा. मोठीचा रक्ताचा रिपोर्ट आलाय. चरबी वाढलीये. तळलेलं बंद. आजपासून.’

लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे, त्यामुळे तिने ‘रिपोर्ट’ म्हटलं की पुढे बोलायची सोय नसते. मी तरीही बोललो! म्हटलं, मी जन्मभर हेच खाल्लं, मला काय धाड भरलीये? बायको उगाच पुसलेली ताटं पुन्हा पुसत होती.

मग लेक म्हणाली, ‘इथे आली की पुडा मागणारच. म्हणून काही दिवस रविवारचं येणं बंद ठेवते. पोहायच्या क्लासला घालते दोघांना.’

रविवार बंद! आठवड्यात मला तेवढा एकच दिवस दिसतो. तोंडातून निघून गेलं — ‘न तळता करून घालतो की!’

‘तुम्ही?’ आणि हसली. आई आणि लेक दोघीही हसल्या. चौतीस वर्षं बटाट्यात घालवलेला माणूस, आणि त्याला हसतात!

अटी ठरल्या. तीन महिने. ओव्हनमध्ये भाजायचे, किलोला एक चमचा तेल. मुलांनी आपणहून मागून खाल्ले पाहिजेत — गळ घालायची नाही, लाडीगोडी लावायची नाही. जमलं तर रविवार चालू, वर उन्हाळ्याची सगळी सुट्टी मुलं माझ्याकडे. नाही जमलं तर पोहणं.

जाताना मोठीने दारातून वळून सांगितलं, ‘मी तळलेलं खाणार नाही, तर तुम्ही पण नाही. दुकानात पण नाही. शपथ घ्या.’ घेतली. एवढंसं तोंड करून विचारलं तिने, नाही कसं म्हणू?

सोमवार, १२ जानेवारी

दुपारी सवयीने हात कढईकडे गेला. मागे घेतला. हिचा डबा उघडला. उकडलेल्या भाज्या. शेजारचा टेलर डोकावून म्हणाला, ‘कोण आजारी?’

बुधवार, १४ जानेवारी

लेकीने ओव्हन पाठवला. पांढरा, चौकोनी, दाराला काच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवला. ही त्याच्याकडे पाहुणा आल्यासारखी बघतेय.

लावून बघितला. गरम होतो, पण आवाज नाही! तळण बोलतं. बटाटा पडला की तेल कडाडतं, मग बुडबुडे बारीक होत जातात, आणि आवाज बसला की झारा घालायचा. मी डोळे मिटून तळू शकतो. हा डबा मुका. आत काय चाललंय ते सांगतच नाही.

पण बटाटा तोच आहे. त्याला माझा हात ठाऊक आहे. रविवारी बघा!

रविवार, १८ जानेवारी

काय बघा! माती.

दोन किलो बटाटे कापले, एक-एक फोड सारखी. ट्रेमध्ये काठोकाठ भरले. आमच्या धंद्यात कढई भरलेली दिसली पाहिजे, रिकामी कढई बघून गिऱ्हाईक पुढे जातं. तासाभराने काढले तर पांढरे, मऊ, एकमेकांना चिकटलेले. लगदाच!

तरी ताटलीत वाढले. धाकट्याने एक फोड उचलली, उलटीसुलटी केली आणि गंभीर तोंडाने विचारलं, ‘आजोबा, ह्या बटाट्याला बरं नाहीये का?’

हिला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून आतल्या खोलीत गेली. मोठीने मात्र दोन फोडी गिळल्या, वर पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘चांगले आहेत, आजोबा.’ तिचं ते चांगुलपण मला धाकट्याच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

धाकट्याला मी ‘मुंगळा’ म्हणतो, गोडाला चिकटतो म्हणून. आज काही चिकटला नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

बारीक कापून बघितले. टोकं कोळसा, मध्ये कच्चे. ओव्हनवर एक चापट मारली. हात भाजला.

रविवार, २५ जानेवारी

आज जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

सकाळी दुकानात बटाटे अर्धे तळून घेतले. पाऊण म्हटलं तरी चालेल. डब्यात घालून घरी आणले आणि मुलं यायच्या वेळेला ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये सारले. दहा मिनिटांत काढले — सोनेरी, कुरकुरीत! हिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि खिडकी उघडली. मुंगळ्याने दोन ताटल्या संपवल्या. माझी छाती फुगली. मनात म्हटलं, तेलाच्या माणसाला कोण शिकवणार?

मोठी मात्र खात नव्हती. एक फोड कागदी रुमालावर ठेवून वरून बोटाने दाबत बसली होती. मग फोड बाजूला केली आणि रुमाल खिडकीकडे धरला. मध्ये हा एवढा पारदर्शक डाग! ‘आजोबा, हे एका चमच्याचं तेल नाही.’

पितळ उघडं पडलं. मी काहीतरी बोलायला गेलो, तिने थांबवलं. रुमालाची घडी करून कचऱ्यात टाकली. ‘आईला सांगणार नाही. पण परत नाही करायचं. आणि तुम्ही किती खाल्ले?’ चार-पाच फोडी, म्हटलं. तिचे डोळे भरून आले. चार-पाच फोडींसाठी!

पोरगी आजारी आणि मी तिच्याच ताटलीत चोरून तेल वाढतोय. कसला आजोबा मी!

सोमवार, २६ जानेवारी

आजपासून लबाडी बंद. जमलं तर सरळ जमवीन, नाही तर रविवार गेला म्हणून बसून राहीन.

रविवार, १ फेब्रुवारी

मुलं आज दहालाच आली. मोठीने येताच विचारलं, ‘शपथ पाळली?’ पाळली म्हटल्यावर तिने स्टूल ओढून ओव्हनच्या समोर ठाण मांडलं. म्हणाली, ‘मी पहिल्या ट्रेच्या वेळी बघत होते. तुम्ही सारखं दार उघडता.’

मी? सारखं? मी तर फक्त हलवायला उघडतो!

‘पंधरा वेळा उघडलंत. मी मोजलं.’

खरंच असावं. कढईपुढे उभा माणूस हात बांधून राहूच शकत नाही. झारा फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर हात शिवशिवतात. आणि इथे दार उघडलं की सगळा गरमपणा माझ्या तोंडावर आणि बटाटा गार. माझी चौतीस वर्षांची सवयच माझी वैरीण निघाली.

मग फौजदारणीने हुकूम सोडला — वीस मिनिटं दार बंद, मग एकदा उलटायचे, पुन्हा वीस मिनिटं. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. मी दोनदा पुढे झालो, दोनदा तिने हाताने मागे ढकललं. तिसऱ्यांदा हिने मला बाहेर नेऊन वर्तमानपत्र हातात दिलं. उलटं धरलं होतं म्हणे मी.

आज कडा थोड्या लाल झाल्या. थोड्याच, पण झाल्या! मुंगळा म्हणाला, ‘ह्याला आता थोडं बरं वाटतंय.’

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

सकाळी घरात तीनच बटाटे होते. दुकानात जायच्या आधी म्हटलं तेवढेच लावू. भल्यामोठ्या ट्रेमध्ये फोडी पाच-पंचवीस, लांब-लांब पडलेल्या. बघून जीव कसनुसा झाला, धंदा बसल्याचा देखावा. दार उघडलं नाही. हात पाठीमागे बांधून फेऱ्या मारल्या. चाळीस मिनिटांनी काढले तर प्रत्येक फोडीला सगळ्या बाजूंनी रंग!

म्हणजे इतके दिवस मी गर्दी करत होतो. एकावर एक फोडी पडल्या की आपल्याच वाफेत शिजतात, भाजत नाहीत. तेलात गर्दी चालते, इथे नाही. इथे प्रत्येकाला जागा लागते.

हिला हाका मारून बोलावलं. एक फोड तिच्या तोंडात घातली. ती चावत राहिली, मी बघत राहिलो. ‘मीठ कमी,’ म्हणाली. मीठ कमी! बाकी काही नाही म्हणजे बाकी सगळं बरोबर!

रविवार, ८ फेब्रुवारी

दोन ट्रे, विरळ फोडी, दार बंद. मुंगळ्याने पाच खाल्ल्या आणि उठला. मोठीने सहा. रुमालावर डाग नखाएवढा. चांगलं झालं, पण मागितले नाहीत पुन्हा. मी ताटली पुढे केली तर फौजदारणीने डोळे वटारले — ‘गळ घालायची नाही!’

चावल्यावर आवाज पाहिजे. आवाजाशिवाय पोरं खात नाहीत, मीही नाही खात.

बुधवार, ११ फेब्रुवारी

विचार करकरून डोकं शिणलं. तळताना बटाटा खरखरीत कशाने होतो? खडबडीत जागी तेल धरतं म्हणून. मग ह्याची साल काढून गुळगुळीत फोडी कशाला घालतोय मी?

आज आधी मिठाच्या पाण्यात उकळल्या, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. टोचल्यावर सुरी आत जाईल इतपतच. पाणी काढलं, चाळणीत पाच मिनिटं वाफ जाऊ दिली, मग पातेल्यात घालून वर झाकण दाबलं आणि खडाखडा हलवलं. कडा फुटल्या, अंगावर पीठ आल्यासारखं झालं. मग मोजून एक चमचा तेल, आणि ट्रे आधीपासून ओव्हनमध्ये तापायला ठेवलेला. फोडी ट्रेवर पडल्या आणि — चर्रर्र!

बोलला! मुका डबा बोलला! मी एकटाच स्वयंपाकघरात हसत उभा होतो.

दुकान उघडायला पाऊण तास उशीर. पहिल्यांदाच.

रविवार, १५ फेब्रुवारी

जिंकलो!!

पातेलं हलवायचं काम मुंगळ्याला दिलं. मी झाकण धरलं, त्याने नाचून-नाचून हलवलं, तोंडाने ढोल. मोठी घड्याळापाशी. ही लसूण किसून दह्यात कालवत होती. चौघांचं मिळून काम, असं घर किती वर्षांनी बघितलं मी.

ट्रे बाहेर आला. बरोबर खाकी-सोनेरी, कडा कुरकुरीत. मीठ आणि मिरपूड वरून, आधी नाही. मुंगळ्याने पहिली फोड तोंडात घातली आणि मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं — कुर्रम!

ताटल्या रिकाम्या. मुंगळ्याने दही बोटाने पुसून खाल्लं, मग वर बघितलं आणि म्हणाला ते शब्द — ‘आजोबा, अजून!’

अजून! आपणहून! हिला साक्षीला ठेवलं, फौजदारणीलाही. रुमाल खिडकीला धरला, डाग जवळजवळ नाहीच. मोठी मला येऊन बिलगली, इतकी घट्ट की मला नवल वाटलं. एका ट्रेसाठी एवढं?

सोमवार, १६ फेब्रुवारी

टेलरला सांगितलं. रांगेतल्या गिऱ्हाइकांना सांगितलं. बसच्या कंडक्टरला सांगितलं. तो म्हणाला, ‘सुट्टे द्या आधी.’

रविवार, १ मार्च

मोठीने तिच्या वर्गातल्या चार मैत्रिणींना आणलं. न विचारता! ही घाबरली, मी नाही. बाह्या सरसावल्या. एका वेळी दोनच ट्रे मावतात, तेव्हा दोन फेऱ्या. पहिली फेरी संपेपर्यंत दुसरी उलटायची वेळ. पाचही पोरी ओव्हनच्या काचेसमोर मांडी घालून बसल्या, जणू आत काही खेळ चाललाय. मुंगळा सगळ्यांना नियम सांगत होता, ‘दार उघडायचं नाही. आजोबांना पण परवानगी नाही.’

तीन किलो फस्त! एक वेणीवाली मैत्रीण, घास तोंडात असतानाच म्हणाली, ‘बसथांब्यावर एक दुकान आहे ना, त्याच्यापेक्षा हे भारी आहेत.’

मोठी खुदकन हसली. मी विचारलं, त्या दुकानातले एवढे वाईट का? वेणीवाली म्हणाली, ‘वाईट नाही हो आजोबा, पण ते खाल्ल्यावर जड वाटतं. हे कितीही खाता येतात.’

चौतीस वर्षांत माझ्या बटाट्याला कुणी मागे टाकलं नव्हतं. शेवटी मीच टाकलं! रागवू की मिरवू तेच कळेना. थोडा वेळ विचार केला आणि मिरवायचं ठरवलं.

मंगळवार, १० मार्च

टेलरची परीक्षा घेतली. डोळ्यांवर त्याचीच मोजमापाची फीत बांधली. एका हातात कढईतली फोड, दुसऱ्या हातात घरून आणलेली, ओव्हनची, तव्यावर नुसती गरम केलेली. दोन्ही चावल्या. ‘ही दुसरी जास्त चांगली. ही कुठली?’ फीत सोडली तेव्हा त्याला पटेना.

आता मी चाखत नाही म्हणून कढईतला पहिला बटाटा रोज टेलरच चाखतो. तो सांगतो मीठ कमी की जास्त. फुकटचा पगारी माणूस मिळालाय मला.

शनिवार, १४ मार्च

टेलर म्हणतो, तुझा सदरा सैल झालाय, दोन्ही बाजूंनी आत घेतो. म्हटलं, धुऊन-धुऊन ताणला असेल. तो तोंडात टाचण्या धरून हसला.

आणि आज जिना न थांबता चढलो. मधल्या पायरीवर कठडा धरायचं विसरूनच गेलो. वर पोचल्यावर लक्षात आलं.

सोमवार, १६ मार्च

एकदा लिहून ठेवतो, कारण मोहाला जिंकल्यावर खरं सांगायला हरकत नाही. दुपारी नवीन तेल चढवलं. ताज्या तेलातला पहिला घाणा म्हणजे सोनं. टेलर बाहेरगावी. चाखायला कुणी नाही. झाऱ्यावर एक फोड, लालसर, टोकाला बुडबुडा फुटतोय. कुणी बघत नव्हतं. तोंडाजवळ नेली.

मग त्या रविवारी मोठीचे भरलेले डोळे आठवले. पोर नऊ वर्षांची. मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्या तळलेलं खात होत्या, ती केळं खाऊन आली — हिनेच सांगितलं मला. तिला जमतं आणि मला जमत नाही? फोड पहिल्या गिऱ्हाइकाच्या पुड्यात टाकली. मीठ कसं होतं विचारलं त्यालाच. म्हणाला, फर्मास.

रविवार, २९ मार्च

आज लेक स्वतः जेवायला बसली. इतके रविवार ती मुलांना सोडून परस्पर निघून जायची. आज म्हणाली, ‘मुलं घरी दुसरं काही बोलतच नाहीत. बघू तरी.’

मी तिच्याकडे पाठ करून काम केलं. हजारो लोकांना खाऊ घातलं, पण लेक माझ्या हातचं शेवटचं मन लावून कधी जेवली? कॉलेजात असताना मैत्रिणी चिडवायच्या, तुझ्या अंगाला तेलाचा वास येतो म्हणून. तेव्हापासून तिने दुकानातलं काही तोंडात घातलं नाही. मी कधी बोललो नाही. मनात होतंच.

ट्रे मध्यभागी ठेवला. मुंगळा आईला शिकवत होता — आधी दही लाव, मग मीठ बघ, मग कान देऊन चाव. लेकीने एक खाल्ली. मग दुसरी. मग बोलायचं सोडून खातच गेली. मोठी माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. ट्रेमध्ये एक फोड उरली. मुंगळ्याचा हात पोचायच्या आत लेकीने उचलली!

पोर भोकाड पसरून रडला आणि मी टेबल बडवून हसलो. आईने पोराच्या हातातला बटाटा पळवला. ह्याहून मोठं मेडल कुठलं?

लेक म्हणाली, ‘हरले, बाबा. सुट्टी लागली की दोघं इथेच.’ मग हात धुवायला गेली ती बराच वेळ नळ चालू. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. लसूण झोंबला म्हणे.

अख्खी सुट्टी! हिने लगेच गाद्या उन्हात टाकायच्या ठरवल्या. अजून दोन आठवडे आहेत, म्हटलं. तरी काढल्याच.

गुरुवार, २ एप्रिल

लेकीने लॅबमध्ये बोलावून रक्त काढलं. दुकानाच्या परवान्यासाठी दर जानेवारीत देतो तसं ह्या जानेवारीतही दिलं होतं. तो कागद ऑफिसात गहाळ झाला म्हणे. लोकांना कागदसुद्धा सांभाळता येत नाहीत! नुसता त्रास.

घरी येऊन पाच किलो बटाटे निवडले. एकसारखे, डोळे नसलेले. सुट्टीची तयारी.

बुधवार, ८ एप्रिल

लेक दुकानावर आली. रांग ओलांडून आत शिरली आणि पाटावर दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले. एक जानेवारीचा, एक परवाचा. जानेवारीच्या कागदावर आकड्यांखाली लाल रेघाच रेघा. परवाच्या कागदावर एकही नाही. दोन्हींवर नाव माझं.

मोठीला काही झालेलं नव्हतं. तिचं रक्त कधी तपासलंच नव्हतं. परवान्याच्या रक्तात लेकीने बाकीच्या तपासण्याही केल्या आणि तो कागद डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले होते, तीन महिने कडक पथ्य करून बघा, नाही तर हा माणूस एक दिवस कढईसमोरच कोसळेल. ‘तुमचा आहे म्हणून सांगितलं असतं तर ऐकलं असतंत, बाबा?’ हसण्यावारी नेलं असतं. खोटं कशाला बोलू.

हिला माहीत होतं. आणि मोठीलाही, पहिल्या रविवारपासून! तीन महिने ती पोर माझ्यासाठी आजारी होऊन बसली होती.

संध्याकाळी तिला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून लेकीच्या घरी गेलो. दार तिनेच उघडलं. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘आजोबा, पास झालात ना?’

तिथेच पायरीवर बसून रडलो.